खांद्याला माणसं

रुपाली पाष्टेची पांढरी व्हॅन समोरून आली की रस्त्यावरची माणसं कडेच्या दगडी गडग्याकडे तोंड करून उभी राहतात. लग्नाला, हळदीला तिला कोणी बोलवत नाही. आणि घरात कोणी गेलं की पहिला फोन मात्र तिलाच करतात. बाईमाणसाला हा असला धंदा सुचला कसा, असं मला पुष्कळजण विचारतात. मी सगळं जवळून पाहिलंय, म्हणून सांगते.

माझं नाव समीक्षा. तळेकोंडच्या खालच्या वाडीत मी अंगणवाडी चालवते. माझ्या पटावर तीन पोरं आहेत. एवढ्यावरून आमच्या वाडीचं काय झालंय ते कळेल. संगमेश्वरहून आत वळून चढण चढली की आमचं गाव लागतं. वाडीत घरं काही कमी नाहीत, चांगली चिऱ्याची, वर स्लॅब टाकलेली, पुढे ग्रिल लावलेली आहेत. पण बहुतेकांना कुलपं. पुरुष सगळे मुंबईला, विरार-नालासोपारा-दिव्याला. गणपतीत वाडीत गाड्या लावायला जागा पुरत नाही, बाल्या नाचात जमीन हादरते. विसर्जन झालं की दोन दिवसांत पुन्हा कुलपं लागतात आणि मागे म्हातारी माणसं, बायका आणि कुत्रे उरतात.

रुपालीचा नवरा सागर मुंबईला कुरियरच्या गोदामात कामाला. मुलगी वेदिका देवरुखला कॉलेजात. घरी रुपाली आणि तिचे सासरे केरूआबा. सासू रुपालीच्या लग्नाआधीच गेलेली. सून आणि सासरा दोघांनी मिळून शेती केली, म्हशी सांभाळल्या. आबा कमी बोलायचे. ती शेतातून उशिरा आली तर चुलीवर भाताचं आधण ठेवून बसलेले असायचे. वाडीत कोणाच्या सासऱ्याने चुलीला हात लावल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.

मागच्याच्या मागच्या वर्षी, भातकापणी चालू असताना, सकाळी आबा खळ्यात पेंढ्या बांधत होते. बांधता बांधता बसले आणि बसलेलेच राहिले. रुपाली चहा घेऊन गेली तेव्हा सगळं आटपलं होतं.

तिने सागरला फोन केला. तो रडला आणि निघतो म्हणाला. पाठोपाठ दुसरा फोन आला तो गुरुप्रसादचा. गुरुप्रसाद म्हणजे सागरचा धाकटा चुलतभाऊ. मुंबईत बिल्डरकडे सुपरवायझर आहे, आणि त्याहून मोठं म्हणजे वाडीच्या मुंबई मंडळाचा अध्यक्ष आहे. आमच्याकडे गावात कोण जन्मलं, कोण मेलं, कोणाचा पाणवठा, कोणाची पालखी, सगळ्याचा निकाल मुंबईत एका खोलीत बसून लागतो आणि मोबाईलवर आम्हाला कळवला जातो.

"वहिनी," गुरुप्रसाद म्हणाला, "दादा आल्याशिवाय उचलायचं नाही. एकुलता एक मुलगा आहे तो. मी ग्रुपवर टाकलंय तसं."

"भावोजी, उकाडा बघा किती आहे. इथं बर्फसुद्धा नाय."

"एक दिवसाचा तर प्रश्न आहे."

बोलणं सोपं होतं. तो ऑक्टोबरचा उन्हाळा होता. रुपालीने संगमेश्वरच्या मच्छी मार्केटमधून रिक्षावाल्याकडून बर्फ मागवला. तो माशाच्या खोक्यातूनच आला, खवल्यांसकट. आम्ही बायकांनी तो धुतला, फोडला, पोत्यात भरून आबांच्या अंगाभोवती लावला. दुपारपर्यंत त्याचं पाणी झालं. ओटीवरून ते पाणी पायरीवर, पायरीवरून अंगणात उतरायला लागलं. रुपाली फडक्याने टिपत होती आणि माशा हाकलत होती. तिकडे महामार्गावर ट्रक उलटला होता आणि सागर त्याच्या मागे अडकला होता. दर थोड्या वेळाने फोन करून विचारायचा, "आबा कसे आहेत?" मेलेल्या माणसाची अशी चौकशी करणारा मुलगा बघून मला त्याची कीव येत होती. रुपालीला येत नव्हती. ती फक्त "ये" म्हणायची आणि फोन ठेवायची.

ऊन उतरल्यावर सागर आला. बरोबर गोदामातले दोन मित्र होते, शहरातच वाढलेले. चौथा खांदा हवा होता. वाडीत त्या दिवशी चालते-फिरते पुरुष म्हणजे धोंडूकाका आणि दोन जण, एकाचं हर्नियाचं ऑपरेशन झालेलं, दुसरा धापा टाकणारा. धोंडूकाकाचा गुडघा गेलेला. तरी तो पुढे झाला. "केरू माज्याबरोबर शालेत व्हता," एवढंच म्हणाला.

आमची स्मशानाची जागा खाली पऱ्याच्या काठावर, पाण्याला लागून. तिथे गाडी जात नाही. शेतांच्या बांधावरून एका मागे एक असं जावं लागतं. बांध जेमतेम पाऊलभर रुंद. आम्ही बायका रिवाजाप्रमाणे अंगणाच्या कडेला उभ्या राहून बघत होतो. अर्ध्या वाटेत धोंडूकाकाचा गुडघा मुडपला. तिरडी एका अंगाला कलली, मित्रांना तोल सावरता आला नाही, आणि केरूआबा सुतळीतून निसटून खालच्या कापलेल्या भाताच्या खुंटांवर पडले.

सागर बांधावर उभा राहून दोन्ही हातांनी डोकं धरून "आबा, आबा" करत होता. मग रुपाली पायरी उतरली. पदर खोचला आणि धावत सुटली. मागे कोणीतरी म्हातारी ओरडली, "रुपाली, बायकांनी जायचं नसतं गो!" तिने वळूनही बघितलं नाही. शेतात उतरून तिने सासऱ्याच्या तोंडावरची माती आपल्या पदराने पुसली. तोंड वर करून हाक मारली, "कमळाताई, ये. समीक्षा, तूपण ये."

कमळाताई आमच्या शेजारची, विधवा, लाकडं फोडून दंड घट्ट झालेली बाई. आम्ही दोघी गेलो. त्या दिवशी केरूआबांना पुढून सागरने आणि रुपालीने, मागून मी आणि कमळाताईने नेलं. मित्र धोंडूकाकाला धरून मागून आले. पऱ्यापर्यंत रुपालीच्या मानेची शीर तटतटून वर आलेली मला दिसत होती.

बाराव्याला मुंबईहून तीन गाड्या भरून माणसं आली. मांडव घातला, पंगती बसल्या. जेवण झाल्यावर गुरुप्रसादने सगळ्यांना ओटीवर बसवलं आणि बोलायला उठला. झालं ते झालं, पण बायकांनी स्मशानात पाऊल टाकलं, खांदा दिला, हे देवाला आवडलेलं नाही. उद्या वाडीवर काही संकट आलं तर जबाबदार कोण? तेव्हा रुपालीवहिनींनी ग्रामदेवतेपुढे नारळ ठेवून, गावकीसमोर चुकलं म्हणावं. प्रकरण मिटवू.

रुपाली आत भांडी घासत होती. ती तशीच, राखेच्या हातांनी बाहेर आली.

"भावोजी, आज पंगतीला किती पानं उठली?"

"आता त्याचा काय संबंध?"

"मी वाढलीत, मला म्हायत आहे. खांद्याला चार माणसं नव्हती आणि जेवायला मांडव पुरला नाय. जे आज गोडाचं जेवले त्यातला एकजण बारा दिवसांपूर्वी आला असता तर माझा सासरा मातीत पडला नसता. नारळ कोणी ठेवायचा ते तुम्हीच सांगा."

"वहिनी, जरा जपून बोला. गावकी आहे ही."

"गावकी?" रुपाली म्हणाली. "गावात असते ती गावकी. तुमची गावकी मुंबईला असते."

सागर उठून तिला आत घेऊन गेला. आतून त्याचा आवाज आला, "सगळ्यांसमोर माझी इज्जत घालवलीस." तिचा आला नाही. नारळ तिने ठेवला नाही. मग मंडळाच्या मोबाईल ग्रुपवरून तिचं नाव काढलं. पालखी तिच्या अंगणात येणार नाही असंही ठरलं. वाळीत टाकणं आता कायद्याने गुन्हा आहे, म्हणून तो शब्द कोणी लिहिला नाही. एवढी अक्कल होती.

महिन्याभरात पलीकडच्या वाडीतून एक म्हातारी चढण चढून रुपालीकडे आली. तिचा नवरा सकाळी गेला होता. मुलगा दुबईला. म्हातारी दम लागून पायरीवर बसली आणि म्हणाली, "बाय, तुजा ऐकलंय मी. माज्या म्हाताऱ्याला न्हेशील काय गो?" रुपालीने मला आणि कमळाताईला बोलावलं. लवूलाही बोलावलं. लवू म्हणजे एसटीतून रिटायर झालेला ड्रायव्हर, बायको वारलेली, वरच्या वाडीत एकटा राहणारा, कोणाच्या अध्यात ना मध्यात. चौघांनी मिळून ते काम नीट पार पाडलं. निघताना म्हातारीने घरातला कोंबडा पाय बांधून रुपालीच्या हातात दिला. रुपाली नको नको म्हणत होती. म्हातारी चिडली. "फुकट नको मना कोनाचा. फुकट क्येलं तं उद्या बोलून दाकवतात."

परत येताना कोंबडा बगलेत धरून रुपाली अचानक थांबली.

"बरोबर बोलली ती," म्हणाली. "मांडववाला पैसे घेतो. भटजी घेतो. मुंबईहून माणसं आणणारा गाडीवाला घेतो. तिथे कोणी नाय म्हणत नाय. फक्त खांदा तेवढा फुकट, म्हणून खांद्याला कोणी नाय. मी हा धंदा करणार, समीक्षा."

मला आधी ती रागात बोलतेय असं वाटलं. रागात होतीच. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ती मला घेऊन देवरुखला गेली.

बँकेत साहेबाने तिचं सगळं ऐकून घेतलं आणि खुर्ची मागे सारली. "ताई, महिलांसाठी इतक्या योजना आहेत. लोणचं घ्या, पापड घ्या. कोकम सरबत तर आपल्याकडचं. हे काय अभद्र?"

"साहेब," रुपाली म्हणाली, "आमच्या वाडीत सरबत प्यायला माणूस नाय. मरायला आहेत."

साहेबाने शेजारच्या टेबलाकडे बघून हसू दाबलं. ते हसू तिला दिसलं. ती उठून बाहेर आली आणि स्टँडवर माझ्याशेजारी बसून रडली. मी तिला त्याआधी रडताना पाहिलं नव्हतं. आबा गेले तेव्हाही नाही. "हसला गं तो," एवढंच म्हणत होती. घरी येऊन तिने दोन्ही म्हशी विकल्या. आमच्या बचत गटानेही, बरीच भांडणं होऊन, तिला कर्ज दिलं. गटातल्या दोघी त्या दिवशी गट सोडून गेल्या.

सागरचा रोज फोन. "पार्लर टाक. मसाल्याचा धंदा कर. आपल्याकडच्या मसाल्याला मुंबईत मागणी आहे, मी इथून विकतो."

"मसाला खांदा देतो काय?"

"रुपाली, लोक मला विचारतात, तुझी बायको मढी उचलते काय म्हणून. मी काय सांगू?"

"सांग, हो. माझ्या बापाला तिनेच उचलला."

त्यानंतर बरेच दिवस त्याचा फोन आला नाही.

तिने पहिल्यांदा मृतदेह ठेवायची थंड पेटी घेतली, इन्व्हर्टरवर चालणारी, म्हणजे लाइट गेली तरी बर्फाचं पाणी पायरीवरून वाहायला नको. मग लवूने बघून दिलेली जुनी व्हॅन घेतली. पण खरी अडचण बांधाची होती. व्हॅन शेवटच्या घरापर्यंत जाते, पुढे काय? ती देवरुखला भावेश नावाच्या वेल्डिंगवाल्याकडे गेली. एकच चाक असलेली, पुढे-मागे दोन-दोन दांडे असलेली, माणसाच्या लांबीची गाडी हवी म्हणाली. चाक मोटरसायकलचं. भावेशला वाटलं चिरे वाहायला हवी असेल. अर्धी झाल्यावर त्याने विचारलं, आणि कळल्यावर हातातला होल्डर खाली ठेवला.

"ताई, आधी सांगायचं होतं. माझं दुकान आहे. लक्ष्मी आहे इथे."

"तुझे वडील कुठे असतात?" रुपालीने विचारलं.

"गावी. का?"

"आणि तू इथे. मग पुरी कर गाडी."

भावेशने ती पुरी केली. दुकानात नाही, मागच्या परड्यात, आणि दोन दांड्यांच्या मध्ये तिने न सांगता ब्रेकही बसवून दिला.

गाडी वाडीत आली तेव्हा ती चालवून बघायला हवी होती. भाताचं पोतं ठेवून आम्ही ती बांधावरून नेली, पण पोतं आणि माणूस यांत फरक असतो. पोतं गप पडतं, माणसाचे हातपाय लोंबतात. कोण झोपणार? कमळाताईने सरळ नाही म्हटलं. रुपालीने चप्पल काढली आणि स्वतः गाडीवर आडवी झाली. "पट्टे आवळा," म्हणाली. "चला."

मी पुढे, लवू मागे. घरांच्या ग्रिलमागून म्हाताऱ्या बघत होत्या. कोणी देवाचं नाव घेत होतं, कोणी शिव्या घालत होतं. रुपाली डोळे उघडे ठेवून आकाशाकडे बघत पडली होती. आबा पडले होते त्या जागेवर आल्यावर तिने विचारलं, "इथं कललं काय?" मी म्हटलं, नाही. "बघ नीट. पुन्हा मागे घ्या. पुन्हा आणा." त्या जागेवरून आम्ही तिला कितीदा नेलं-आणलं, शेवटी लवूने दांडे खाली ठेवले. तेव्हा ती उतरली.

त्या रात्रीच कोणीतरी फोटो मुंबईला धाडला. जिवंतपणी सूनबाई तिरडीवर झोपली, असं ग्रुपवर आलं. गुरुप्रसादने फर्मान काढलं की खालच्या वाडीत कोणीही या बाईची सेवा घ्यायची नाही.

आणि खरंच, कोणी घेतली नाही. तिने कार्डं छापली होती: "पाष्टे अंत्यविधी सेवा. माणसं, लाकूड, गाडी, पेटी. संपूर्ण तालुका." किराणावाले ती गल्ल्यावर ठेवून घेईनात. एकाने तिच्यासमोर कचऱ्याच्या डब्यात टाकली. तिने डब्यात हात घालून ती वर काढली, पुसली आणि पुन्हा त्याच्याच गल्ल्यावर ठेवली. त्याने पोलिसांना बोलावतो म्हटलं. "बोलव," म्हणाली. पण व्हॅन दारात उभी होती आणि गटाचे हप्ते सुरू झाले होते. कमळाताईच्या मुलाने मुंबईहून आईला दम दिला तशी तीही येईनाशी झाली. रुपाली ओटीवर बसून नुसती धुमसत असायची. तिच्याशी बोलायला गेलं तर भांडण व्हायचं. माझ्याशीही झालं.

मग एका सकाळी चिमाकाकी आली. चिमाकाकी गुरुप्रसादची आई. वय झालेलं, कंबरेत वाकलेली, पण डोळे अजून तेज. वाडीतल्या सगळ्यात मोठ्या घरात ती एकटी राहते. आली ती काठी आपटतच.

"पेटी बघू," म्हणाली.

रुपालीने तिला पेटी दाखवली. काकीने झाकण उघडून आत हात फिरवला.

"थंड व्हते काय नीट?"

"होते, काकी."

"मग माजा लिवून ठेव. मी मेली की दुसऱ्या कोनाला फोन लावायचा नाय, आदी तुला. ह्या पेटीत घाल. पोर येल तवा येल."

रुपालीने झाकण लावलं. "काकी, भावोजींना कळलं तर..."

"कळू दे. केरूला पानी गलताना मी बगितलंय माज्या ओटीवरना. मना तसा गलायचा नाय."

ही बातमी मुंबईला पोचायला वेळ लागला नाही. शनिवारी गुरुप्रसादची गाडी वाडीत शिरली. तो घरी न जाता सरळ रुपालीच्या अंगणात आला. मी तिथेच होते.

"माझ्या आईचं मरण विकायला काढलंत तुम्ही?" तो ओरडला. "म्हाताऱ्या माणसाला भुलवून? लाज वाटत नाही?"

"भावोजी, मी बोलवायला गेली नव्हती. त्या आल्या."

"ती म्हातारी झालीय, तिला काही कळत नाही! आमचं घर काय उघड्यावर पडलंय? मी मेलोय? तिचा मुलगा आहे मी!"

"मग इथे राहा ना," रुपालीही आता ओरडली. "राहा! कुलूप काढा, राहा आईजवळ. मी आज व्हॅन विकते, पेटी विकते. तुमच्यातले चार पुरुष ह्या वाडीत राहायला आले तर मी उद्यापासून पापड लाटते. कोणाला हौस आहे मढी उचलायची?"

त्याने हात उगारला नाही, पण बोट तिच्या तोंडापर्यंत नेलं. तेवढ्यात चिमाकाकी काठी टेकत आली. ती मुलाच्या आणि रुपालीच्या मध्ये उभी राहिली आणि मान वर करून मुलाकडे बघायला लागली.

"जेवलास?" तिने विचारलं.

"आये, तू मध्ये पडू नको."

"परवाच्या रविवारी मी न्हाणीत पडली. सकाली पडली ती दुपारी उठली. कोनाला म्हायत हाय? तुज्या ग्रुपला म्हायत हाय?"

गुरुप्रसादचं बोट खाली आलं. "सांगितलं का नाहीस?"

"कुनाला सांगू? फोन ओटीवर व्हता." ती शांतपणे बोलत होती, त्यामुळेच ऐकवत नव्हतं. "बाबा, माजा राग नाय तुज्यावर. पोटासाटी जातोस. पन माजी सोय मी लावली तर तू कशाला नाचतंस? तुज्याच्यान व्हत नाय ते ही करते. तिला करू दे."

तो वळला. मग गाडीत जाऊन बसला, दार आपटलं, आणि बराच वेळ गाडी सुरूच केली नाही. रुपालीची माफी त्याने त्या दिवशी मागितली नाही, पुढेही मागितली नाही. फर्मानही मागे घेतलं नाही. फक्त पुढच्या महिन्यात आईच्या न्हाणीत धरायला दांडा बसवून गेला.

पण चिमाकाकीचं बघून दुसरी म्हातारी माणसं यायला लागली. आधी आमच्या वाडीतली, लपतछपत, तिन्हीसांजेला. मग वरच्या वाडीतली, मग पलीकडच्या गावांतली. कोणी म्हणायचं मला माझ्याच आंब्याच्या लाकडाने जाळ, कोणी म्हणायचं बायकोची साडी बरोबर घाल. धोंडूकाकाने एकच मागितलं: "मला पाडू नको." रुपाली सगळं ऐकायची आणि त्यांच्या मुलांच्या नावाने मनातल्या मनात शिव्या द्यायची. कमळाताई परत आली, मुलाला "तू येतोस काय?" असं विचारून. आणखी दोन बायका आल्या. गटाचे हप्ते वेळेवर जायला लागले. सागरने एकदा सुट्टी काढून व्हॅनला नवे टायर घातले. दोघांचं बोलणं सुरू झालंय, पण बारीकसं, जपून.

इथे मी थांबले असते तर बरं झालं असतं. पण मागच्या थंडीत माखजनच्या पुढे एका वाडीत आम्ही गेलो होतो. एक म्हातारा गेला होता, मागे त्याची बायको. मुलगा मुंबईत. त्याने पैसे आधीच मोबाईलवरून टाकले होते. रुपालीने त्याला फोन लावला.

"पेटी आणलीय मी. घाई नाय. तू निघ, मी उद्यापर्यंत थांबते."

"नाही हो ताई, कंपनीत ऑडिट आहे," तो अगदी गोड आवाजात म्हणाला. "तुम्ही उरकून घ्या. व्हिडिओ कॉल लावा फक्त, मी बघतो. तुमची सर्व्हिस एकदम चांगली आहे असं ऐकलंय, म्हणून तर टेन्शन नाही."

रुपाली फोन कानाला लावून उभी राहिली. तिचा चेहरा मी बघितला. बँकेतल्या साहेबापुढेही ती अशी झाली नव्हती.

स्मशानात गेल्यावर तिने फोन बंद करून कंबरेला खोचला. अग्नी कोण देणार, लवूने विचारलं. ती म्हातारी बाई गाडीच्या मागून एवढं अंतर चालत आली होती. ती पुढे झाली. "मी देते," म्हणाली. "त्याच्याबरोबर आयुष्य मी काढलंय." आणि दिला.

येताना व्हॅनमध्ये, तळेकोंडची चढण लागल्यावर रुपाली म्हणाली, "समीक्षा, पोरं येत नव्हती म्हणून मी हे सुरू केलं. आता मी आहे म्हणून पोरं येत नाहीत."

लवू गिअर बदलत राहिला.

धंदा तिने बंद केला नाही. बंद करून ती म्हातारी माणसं जाणार कुठे? पण त्या दिवसापासून तिने व्हिडिओ कॉल बंद केले, आणि काम घेण्याआधी मुलाशी ती स्वतः बोलते. बोलते म्हणजे भांडते. त्यामुळे काहीजण चिडून दुसरीकडे जातात. आता देवरुखला अजून एकाने अशीच सेवा सुरू केलीय, तो भांडत नाही, व्हिडिओही दाखवतो. आमची कामं त्याने कमी झालीत. मी तिला म्हटलं, जरा सबुरीने घे, गिऱ्हाईक तुटतं. ती माझ्यावरच खेकसली.

काल सकाळी मी अंगणवाडीत खिचडी शिजवत होते तर तिच्या अंगणातून तिचा आवाज वाडीभर ऐकू येत होता. फोनवर कोणाचा तरी मुलगा होता.

"रजा नाय? मेलास तर रजा घेशील ना? हे बघ, मला पैसे नंतर दे, नाय दिलेस तरी चालतील. तुझी आई पेटीत आहे, ती थांबलीय. मी पण थांबलीय. तू फक्त एवढं सांग, गाडीत कधी बसतोस?"